बिल्ला कुणाच्या छातीवर होता?

परक्याच्या दारात उभं राहून "तुमच्या घरात कोण वारलं, आणि कशानं?" असं विचारणं हा माझा पंचवीस वर्षांचा पोटापाण्याचा उद्योग होता. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्या मुलींनी मला नारळ, साडी आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि भाषणांत 'समाजसेवा' हा शब्द इतक्या वेळा आला की मला माझीच शंका यायला लागली. गावोगाव मात्र माझं नाव वेगळं होतं. इस्लामपूरजवळच्या एका गावात मी एसटीतून उतरले की पारावरची म्हातारी माणसं एकमेकांना सांगायची, "आल्या बगा मयताच्या बाई. आता कुनाचा नंबर?" मग त्यातलाच एक जण उठून मला हव्या त्या घरापर्यंत सोडायला यायचा, वाटेत त्या घराची सगळी कुंडली सांगायचा, आणि निघताना हळूच विचारायचा, "आमचं नाव न्हाई न्हवं तुमच्या यादीत?"

यादी कसली, ते आधी सांगते. साखर कारखान्याचा बॉयलर असो की तेलाची लांबच लांब पाइपलाइन, दोन नळ्या वेल्डिंगनं जोडल्या की तो सांधा आतून धड आहे की पोकळ, हे वरून दिसत नाही. म्हणून त्याचा फोटो काढतात, मोडलेल्या हाडाचा एक्स-रे काढतात तसाच. साइटवर त्यासाठी बहुतेक वेळा एक जड पिवळी पेटी असते. पेटीत किरणं सोडणारा धातूचा छोटा तुकडा असतो. दोर बांधून बाकीच्या लोकांना लांब ठेवायचं, हँडल फिरवून केबलनं तो तुकडा पेटीबाहेर सांध्यापाशी न्यायचा, फोटो उठला की परत आत घ्यायचा. या पेटीला कामगार 'क्यामेरा' म्हणतात. माण, खटाव, आटपाडीकडचे कितीतरी पुरुष या कामावर गेले. तिकडे पाऊस नाही, मेंढरांमागे फिरायला नवी पोरं तयार नाहीत. एक जण क्यामेऱ्यावर लागला की तो चुलतभावाला न्यायचा, चुलतभाऊ मेव्हण्याला. गुजरातपासून ओरिसापर्यंत कुठल्याही रिफायनरीच्या गेटवर "कुठलं गाव रं गड्या?" विचारलं की उत्तर आमच्याच भागातलं यायचं.

अशा कामावरच्या माणसांना पुढच्या आयुष्यात कॅन्सर जास्त होतो का, आणि किती किरणं अंगावर घेतल्यावर होतो, हे आमचा अभ्यास पाहत होता. त्यात एक्स-रे खोलीत काम करणारेही होते. त्याच साइटवर सुतारकाम, गवंडीकाम केलेल्यांची दुसरी यादी तुलनेसाठी होती. मोठी मोठी गणितं डॉक्टर लोक करायचे. माझं काम एवढंच, की यादीतला प्रत्येक माणूस शोधायचा, जिवंत आहे का पाहायचं, नसेल तर कशानं गेला ते घरच्यांकडून काढून घ्यायचं. सोपं वाटतं ना? तुम्ही एकदा माण तालुक्यात जाऊन नुसतं 'महादेव' शोधून दाखवा.

त्यात आमच्याकडे या रोगाचं नाव कुणी घेत नाही. "गाठ हुती", "पोटाचं झालं", "वंगाळ दुखनं". एका सुनेनं तर सासऱ्याचे सगळे कागद माझ्यापुढे ठेवले, पण तोंडानं शेवटपर्यंत "ताप आला हुता" एवढंच म्हणाली. सुरुवातीला मी चिडायचे. पुढे कळलं, की नाव घेतलं तर ते घरात परत येईल अशी भीती असते. मग मीही नाव घेणं सोडलं.

गिऱ्हाइकं एकेक. इस्लामपुरात एक्स-रे काढणारे एक गृहस्थ होते, अत्यंत नीटनेटके. किरणांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला छातीवर लावायला एक छोटा बॅज मिळतो. अंगावर किती किरणं पडली ती त्यात टिपली जातात, आणि तो बॅज दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. हे गृहस्थ मला अभिमानानं म्हणाले, "सगळ्या नोकरीत माझं रीडिंग एकदाही आलं नाही, बाई. शून्य म्हणजे शून्य!" मी कौतुक केलं. त्यांनी खूश होऊन कपाट उघडलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बॅज काढून दाखवला. हरवला तर साहेबाला जबाब कोण देणार, म्हणून तो कायम कपाटातच असायचा.

आणि फलटणचे सुभेदार. लष्करी इस्पितळाच्या एक्स-रे विभागात आयुष्य गेलेलं. माझ्या यादीतल्या त्यांच्या जुन्या सोबत्यांचा त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला होता, आणि कुणी गेलं की मला स्वतः फोन करायचे. "मॅडम, एक जवान कम हो गया. लिहून घ्या." इतका सोयीचा माणूस मला दुसरा भेटला नाही. एके सकाळी त्यांच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडे सून बोलत होती. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी फिरतीवर गेलेच नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

अशा अभ्यासाला ढिगाचं कळतं, दाण्याचं कळत नाही. शंभर जणांत किती आजारी पडले ते सांगता येतं. तुमचाच नवरा किरणांमुळे गेला का, हे मात्र कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तसाच रक्ताचा कॅन्सर कधी कधी किरणांचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही होतो. अडचण अशी की दारात बसलेला माणूस फक्त दाण्याचंच विचारतो. मी "सांगता येत नाही" हे वाक्य इतक्या घरांत म्हटलं आहे की एखाद्याला वाटावं, ही बाई पगार तरी कशाचा घेते.

म्हसवडपासून आत, कच्च्या रस्त्यावर एक वस्ती आहे. तिथल्या रघुनाथ नावाच्या माणसाची फाइल माझ्याकडे आली. बरीच वर्षं क्यामेऱ्यावर काम, बेचाळिसाव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरनं मृत्यू, जाऊन चौदा वर्षं झालेली. बॅजची रीडिंग एकापाठोपाठ एक लागलेली, आणि बरीच चढी. ऑफिसात आम्ही अशा फाइलला 'चांगली केस' म्हणायचो. बेचाळिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाला चांगली केस! तेव्हा जीभ अडखळत नव्हती, आज लिहिताना अडखळते.

आधी आमची एक मुलगी तिथे जाऊन आली होती. रघुनाथची बायको हौसाबाई तिला म्हणाली, "मला कायबी ठावं न्हाई, भावजीस्नी इचारा," आणि दार लावून घेतलं. म्हणून मी गेले. ज्या रिक्षावाल्यानं मला सोडलं त्यानं वाटेतच सांगून टाकलं, "दोन घरं बोलत न्हाईत, बाई. बांधाचं भांडान हाय."

रघुनाथचा धाकटा भाऊ महादेव, घरात म्हादू. पन्नाशीचा, वाळलेला, बोलायला मऊ. आम्ही लिंबाच्या झाडाखाली बाजेवर बसलो. समोर वीस पावलांवर हौसाबाईंचं घर. त्या ओसरीवर मटकी निवडत बसल्या होत्या, मला पाहून सूप घेऊन आत गेल्या. आमचं बोलणं चालू असतानाच त्यांच्या दारात कडब्याची गाडी आली. म्हादू उठला, सगळा कडबा उतरवून त्यांच्या गोठ्यात रचून आला, उंबऱ्याबाहेरून आणि एक शब्द न बोलता. मी मनात म्हटलं, बांधाचं भांडण असलेला माणूस असा कडबा उतरवत नाही.

प्रश्न नेहमीचेच होते. शेवटी मी साइटची खात्री करायला घेतली. सगळ्यात चढं रीडिंग एका उन्हाळ्यातल्या तीन महिन्यांचं होतं. "या दिवसांत रघुनाथ कुठल्या साइटवर होते, आठवतंय?"

"त्या उनाळ्यात?" म्हादू म्हणाला. "दादा हितंच हुता की. हिरीच्या कडंवरनं पडून पाय मोडला हुता. तीन म्हैनं पलास्टरमदी."

"मग बॅज?"

म्हादूचा हात शर्टाच्या डाव्या खिशावर गेला.

"बिल्ला माज्या छातीवर हुता," तो म्हणाला.

मग एकेक बाहेर आलं. म्हादू नवीन कामाला लागला तेव्हा ठेकेदाराला घाई होती. नव्या माणसाचा बॅज यायला वेळ लागतो, तो येईपर्यंत थांबायला कुणी तयार नव्हतं. म्हादूला तसाच क्यामेऱ्याचं हँडल फिरवायला लावलं. साइटवरचा साहेब रोज सगळ्यांवर ओरडायचा, बिल्ला लावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, मरायचं आहे का? हे ऐकून या लोकांनी काय अर्थ काढावा? बिल्ला लावला की किरणं लागत नाहीत. ताईत असतो तसा. रघुनाथनं आपला बिल्ला काढला आणि धाकट्याच्या खिशाला अडकवला. म्हादूचा स्वतःचा बॅज पुढे आलाच नाही, ठेकेदार विसरला. रघुनाथ पाय बरा करून परत गेला तोही बिनबिल्ल्याचा. दोन वर्षं दोघं भाऊ एकाच क्यामेऱ्यावर होते, आणि बिल्ला धाकट्याच्या छातीवर होता.

"मी नगं नगं म्हनलं, बाई. दादा म्हनला, गप रं, मी जुना हाय, मला सवं हाय त्याची." म्हादूनं गमछ्यानं तोंड पुसलं. "त्येची ढाल मी घेटली. म्हून त्यो गेला अन् मी हाय. चौदा वर्सं झाली. वैनीच्या घरात बसून भाकरीचा तुकडा मोडाय मला तोंड न्हाई."

गेली कित्येक वर्षं मी घरोघर 'बॅज वापरत होता का?' विचारून 'होय'वर खूण करत आले होते. कुणाचा, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. आमच्या भागात भाऊ भावाला अंगातला सदरा काढून देतो, हे मला ठाऊक नव्हतं असं कुठं होतं? पण साहेबांनी छापून दिलेला प्रश्न मी शहाण्यासारखा विचारत राहिले.

मी म्हटलं, "म्हादूभाऊ, नीट ऐका. तहसील कचेरीच्या आवारात पाऊस मोजायचं भांडं असतं ना? त्यानं पाऊस अडतो का?"

"आमच्या मान तालुक्यात अडवाय पाऊस हाय कुटं?" तो सवयीनं म्हणाला.

"नसू दे. भांड्यानं पाऊस अडत नाही, किती पडला एवढं कळतं. बिल्ला तसाच आहे. त्यानं एक किरण अडत नाही. तुमच्या छातीवर होता म्हणून तुम्ही वाचला नाही, आणि दादाच्या छातीवर नव्हता म्हणून ते गेले नाहीत. असता तरी त्यांच्या अंगावर तेवढंच पडलं असतं."

त्यानं मला हे तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्यानं विचारलं, "मग दादानं त्यो उगाच दिला?"

मला 'हो' म्हणवेना. शास्त्रानं पाहिलं तर उगाचच दिला होता. मलाच रडू आलं. नोकरीत असं करायचं नसतं, पण आलं.

थोड्या वेळानं म्हादू म्हणाला, "ह्ये वैनीला सांगाल का? मला न्हाई सांगाय यायचं."

ती वीस पावलं चालायला त्याला फार वेळ लागला. उंबऱ्याशी तो थांबला. मी आत गेले. हौसाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, पावसाच्या भांड्यासकट. म्हादूला इतकी वर्षं काय वाटत होतं तेही सांगितलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मला वाटलं, आता ही बाई त्याला बोलणार, आणि बोलली तर तिचा हक्कच आहे.

त्या बोलल्या, पण माझ्याकडे बघून. "बाई, बिल्ला त्येनी आपल्या मनानं न्हाई दिला. म्या द्याय लावला."

बाहेर म्हादूनं मान वर केली.

"भावजी पैल्यांदा कामाला निगालं तवा त्येंचं लगीनबी झालं नव्हतं. म्या ह्यास्नी म्हनलं, तुमी जुनं हायसा, धाकट्याला घाला बिल्ला. सासूबाईंला तोंड कसं दावू, पोराला कायतर झालं तर? माजं ऐकून त्येनी दिला." त्यांनी पदर तोंडाला लावला. "ह्ये गेलं तवापासनं मला वाटतंय, म्याच माज्या हातानं मानूस घालवला. भावजीस्नी बगितलं का मला त्यो बिल्लाच दिसायचा. कवा कवा रागबी यायचा त्येंचा, खोटं कशाला बोलू? मग माजाच राग यायचा. म्हून म्या बोलनंच सोडलं."

चौदा वर्षं एका अंगणात दोन माणसं एकाच मरणाचा दोष आपापल्या डोक्यावर घेऊन बसली होती, आणि गावानं त्याला बांधाचं भांडण ठरवून टाकलं होतं.

"वैनी," म्हादू दारातून म्हणाला.

"आवं, दारात का हुबं ऱ्हायलाय? आत या की," हौसाबाई म्हणाल्या. तो आत आला आणि भिंतीला टेकून बसला. त्यांनी त्याच्यापुढे भाकरी आणि मटकीची आमटी ठेवली, मलाही वाढलं. म्हादूनं पहिला घास हातात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. आम्ही दोघींनी त्याच्याकडे बघितलं नाही.

हे इथेच संपलं असतं तर मी सुखानं घरी गेले असते. पण जेवताना हौसाबाईंनी विचारलं, "मग बाई, त्या बिल्ल्यात जे काय मोजलं त्ये कुनाचं?" शाळा चौथीपर्यंत झालेली बाई. आमच्या ऑफिसात हा प्रश्न कुणाला पडायला आठवडा लागला असता.

मी खरं ते सांगितलं. ते दादांचं नव्हतं. दादांच्या अंगावर त्या दोन वर्षांत किती पडलं, हे जगात कुणालाच ठाऊक नाही. त्या दोन वर्षांचं जे कागदावर होतं, ते सगळं समोर बसलेल्या म्हादूचं होतं. म्हणजे लगेच काही होतं असं नाही, आणि बहुतेकांना होतही नाही, पण वरचेवर तपासून घेतलेलं बरं. म्हादूनं खांदे उडवले. एवढी वर्षं काही झालं नाही, आता काय व्हायचंय? मेंढरं कोण बघणार? पण हौसाबाईंचा चेहरा बदलला होता.

ऑफिसात मी सगळं लिहून दिलं. डॉक्टरांनी शांतपणे वाचलं आणि रघुनाथची फाइल अभ्यासातून बाद केली. बरोबरच होतं ते. ज्या माणसाचा आकडा त्याचा नाही, तो गणितात घेता येत नाही. मी त्यांच्याशी भांडले नाही. पण जो माणूस खरोखर या रोगानं गेला, तोच आमच्या मोजणीत नाही, हे मला अजून सलतं. आमच्या प्रश्नावलीत मात्र एक प्रश्न वाढला: तुमचा बॅज दुसऱ्या कुणी लावला होता का? मी जुनी घरं पुन्हा पालथी घातली. लोक आधी हसायचे, मग सांगायचे. एका चुलत्यानं पुतण्याला दिला होता, एका मेव्हण्यानं मेव्हण्याला. माझ्या पंचवीस वर्षांतलं सगळ्यात उपयोगी काम हेच, असं डॉक्टर निरोपाच्या भाषणात म्हणाले. ते काम हौसाबाईंचं होतं हे मी तिथे सांगायला हवं होतं. राहून गेलं.

त्या भेटीनंतर पंधरा दिवसांनी मी सांगलीच्या इस्पितळात काही कागद आणायला गेले होते. बाहेरच्या बाकावर हौसाबाई बसलेल्या दिसल्या. हिरवं इरकल, मांडीवर डबा आणि पाण्याची बाटली. शेजारी म्हादू, शाळेत धरून आणल्यासारखा.

"आलाच शेवटी?" मी म्हटलं.

"मी कुटं आलुय? ह्येनी आनलंय," म्हादू पुटपुटला. "मेंढरं शेजाऱ्याकडं ठिवाय लावली. पाटं पाचला दारात हुब्या."

"आता भावजींच्या अंगावर किती पडलंय त्ये कळलंय न्हवं?" हौसाबाई म्हणाल्या. "एकाला कळायच्या आत गमावलं. ह्येला न्हाई गमवायची म्या."

तेवढ्यात खिडकीतून पुकारा झाला. मीही त्यांच्याबरोबर उभी राहिले. कारकुनानं म्हादूचं नाव, वय, गाव लिहून घेतलं आणि मान वर न करता हौसाबाईंना विचारलं, "सोबत तुम्हीच का? पेशंटचे कोण?"

"थोरला भाऊ," हौसाबाई म्हणाल्या.

"अहो मावशी, भाऊ नाही. तुम्ही कोण?"

"त्येच सांगतीय," त्या म्हणाल्या. "थोरला भाऊ लिवा."

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिहा."